इमारतीचा वीजहिशेब ओपन सोर्सवर: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

आमची सोसायटी पुण्यातली. दोन विंग, ७२ फ्लॅट, एक कॉमन मीटर आणि त्याच्या बिलावरून दर सर्वसाधारण सभेत ठरलेली वादावादी. गेली तीन वर्षं ही कॉमन वीज नक्की कुठे जाते ते आम्ही ओपन सोर्स (मूळ कोड सगळ्यांना खुला असलेलं) सॉफ्टवेअर वापरून बघतोय. हे कळल्यावर आसपासच्या सोसायट्यांचे सेक्रेटरी, एका शाळेचे विश्वस्त आणि एका छोट्या हॉस्पिटलचा इलेक्ट्रिशियन यांनी वेळोवेळी प्रश्न विचारले. तेच प्रश्न आणि मी दिलेली उत्तरं इथे लिहून ठेवतोय.

वीज कंपनीचं बिल येतंच की. वेगळी नोंद कशाला?

बिलात महिन्याची एक बेरीज असते. वाण्याने महिन्याअखेरी चिठ्ठीवर रक्कम लिहून द्यावी आणि वही दाखवूच नये, असा तो प्रकार आहे. लिफ्टने किती खाल्ले, पंपाने किती, पार्किंगचे दिवे दिवसा चालू राहतात का, यातलं काही त्यात दिसत नाही.

आमचंच उदाहरण. बी विंगच्या पाण्याच्या पंपाला वेगळा मीटर बसवला आणि चौथ्या दिवशी आलेखात रात्री दीड ते चारच्या मध्ये दोन उंचवटे दिसले, प्रत्येकी साधारण बारा मिनिटांचे. त्या वेळी पाणी वापरणारं कोणी जागं नसतं. वॉचमनला विचारलं तर तो म्हणाला, "पंप ऑटोवर आहे साहेब, तो त्याचा चालू होतो." गच्चीवर जाऊन बघितलं तेव्हा टाकीचा खालचा वॉशआउट व्हॉल्व्ह पूर्ण बसलेला नव्हता आणि पाणी थेट पावसाच्या पायपात उतरत होतं. टाकीची पातळी खाली गेली की सेन्सर इमानदारीत पंप चालू करत होता. त्यात जाणारी वीज किरकोळ, रात्रीचे पावणेदोन युनिट. मार्च-एप्रिलमध्ये विकत घेतलेलं टँकरचं पाणी मात्र किरकोळ नव्हतं.

ओपन सोर्स म्हणजे फुकट का?

सॉफ्टवेअरला पैसे पडत नाहीत, एवढ्यापुरतं फुकट. मीटर, सीटी (तारेभोवती बसून मोठा प्रवाह मीटरला झेपेल इतका लहान करून देणारा ट्रान्सफॉर्मर), वायरमनची मजुरी आणि तुमचे शनिवार-रविवार फुकट नाहीत. आमचा पहिल्या मीटरचा सगळा खर्च वीस हजारांच्या आत बसला. त्यात सॉफ्टवेअरचा वाटा शून्य आणि लोखंडी पेटीचा वाटा मला वाटलं त्यापेक्षा बराच जास्त होता.

माझ्या मते खरा फायदा दुसरा आहे: नोंदी आपल्या ताब्यात राहतात. आधी आम्ही एका विक्रेत्याचं तयार यंत्र घेतलं होतं. नाव सांगत नाही. दुसऱ्या वर्षी वार्षिक शुल्क भरायला उशीर झाला, तर मागचं वर्षभराचं सगळं बंद. आकडे आमच्या पंपाचे, आणि बघायला परवानगी त्यांची. त्यानंतर कमिटीने ठरवलं की डेटा सोसायटीच्याच डब्यात राहील.

नेमकं काय काय लागतं?

मोजणारा मीटर, त्याचे आकडे वाचणारा छोटा संगणक, ते साठवणारा डेटाबेस आणि ते दाखवणारं पान.

मीटर म्हणजे पॅनेलमधल्या डिन रेल नावाच्या पट्टीवर बसणारा साधा थ्री-फेज मीटर. घेताना त्यावर आरएस-४८५ पोर्ट (आकडे बाहेर नेणारी दोन तारांची जोडणी) आणि मॉडबस आहे का एवढं बघून घ्या. मॉडबस १९७९ सालची भाषा आहे, मॉडिकॉन कंपनीने कारखान्यातल्या यंत्रांसाठी काढलेली. जुनी आहे म्हणून नाक मुरडू नका. ती जवळजवळ प्रत्येक मीटरला येते, हाच तिचा मोठा गुण. संगणक म्हणून रास्पबेरी पाय किंवा कोणाच्या घरी पडून असलेला जुना लॅपटॉप चालतो. मधल्या निरोप्याचं काम एमक्यूटीटी करतं. ते १९९९ मध्ये तेलाच्या पाइपलाइनवरचे आकडे उपग्रहामार्फत कमी बँडविड्थमध्ये पाठवायला तयार झालं, त्यामुळे सोसायटीचं रडतखडत चालणारं वायफाय त्याला पुरतं. मॉस्किटो हा त्याचा ओपन सोर्स सर्व्हर.

इतकी सॉफ्टवेअरं आहेत. घ्यायचं कोणतं?

एका इमारतीसाठी मी दोनच नावं सांगतो.

पहिलं एमॉनसीएमएस. वेल्समधल्या ओपनएनर्जीमॉनिटर प्रकल्पाचं, वीज मोजण्यासाठीच बनवलेलं. दिसायला साधं आहे, पण साठवण काटकसरीची. ठरावीक अंतराने येणाऱ्या प्रत्येक नोंदीला ते चार बाइट घेतं. दर दहा सेकंदांनी नोंद केली तरी एका आकड्याचं वर्ष तेरा एमबीच्या आत मावतं. मोबाइलमधल्या तीन-चार फोटोंएवढी जागा.

दुसरं होम असिस्टंट. पाउलुस स्काउटसेन यांनी २०१३ मध्ये सुरू केलं. ऊर्जेचं खास पान त्यात २०२१ मध्ये आलं. दिसायला देखणं, मोबाइलवर छान चालतं, कमिटीतल्या ज्येष्ठांनाही कळतं. एक खोच मात्र आधीच माहीत असू द्या. मूळ सेटिंगमध्ये ते बारीक नोंदी दहाच दिवस ठेवतं, त्यापुढे तासाचे गोषवारे उरतात. आम्हाला हे अकराव्या दिवशी समजलं. पंधरा-पंधरा मिनिटांचा जुना हिशेब हवा असेल तर मुदत वाढवा किंवा नोंदी दुसऱ्या डेटाबेसमध्येही पाठवत राहा.

ग्राफाना आलेख काढतं, साठवत काही नाही. त्याच्या मागे इन्फ्लक्सडीबी किंवा पोस्टग्रेससारखा डेटाबेस असावा लागतो. इन्फ्लक्सच्या आवृत्त्या बदलल्या तशी त्याची प्रश्न विचारायची भाषाही बदलत गेली, म्हणून यूट्यूबवरचा जुना धडा बघून टाइप केलेलं तुमच्याकडे चालेलच असं नाही. एसक्यूएल (डेटाबेसला प्रश्न विचारायची नेहमीची भाषा) येणारा कोणी सोसायटीत असेल तर सरळ पोस्टग्रेस आणि त्यावर वेळेनुसारच्या नोंदींसाठीची टाइमस्केल ही जोड. मीटरपासून डेटाबेसपर्यंतची नळजोडणी नोड-रेडमध्ये चौकोन ओढून करता येते, प्रोग्रॅमिंग फारसं लागत नाही.

वीज कंपनीच्या मीटरमधूनच आकडे घेता येणार नाहीत का?

तो मीटर कंपनीचा आहे आणि सीलबंद आहे. त्याला हात लावायचा नाही, कव्हर उघडायचं नाही, वायरमन "काही होत नाही हो" म्हणाला तरी नाही. नवीन स्मार्ट मीटर असेल तर कंपनीच्या अ‍ॅपवर वापर दिसतो. सुरुवातीला तेवढं पुरेसंही असतं.

सील न मोडता करण्यासारखी एक युक्ती आहे. बहुतेक इलेक्ट्रॉनिक मीटरवर लाल दिवा लुकलुकतो आणि शेजारी एका युनिटला किती लुकलुक होतात ते छापलेलं असतं, समजा ३२००. दिव्यावर बाहेरून प्रकाश ओळखणारा छोटा सेन्सर चिकटवायचा आणि लुकलुक मोजायची. एक किलोवॉटचा भार असेल तर साधारण ११२५ मिलीसेकंदांनी एकदा लुकलुकेल. मीटर सीटीवर चालणारा असेल तर बिलावरचा गुणक (मीटरच्या आकड्याला ज्याने गुणायचं तो) लावायला विसरू नका. आणि सेन्सर लावण्याआधी कंपनीच्या शाखा कार्यालयात सांगून ठेवा. मीटरवर काहीतरी चिकटवलेलं बघून तपासणीला आलेला माणूस चमकणारच.

मीटर बसवला, आकडेही येतायत, पण पटत नाहीत. काय बघू?

सगळ्यात जास्त फोन याच प्रश्नाचे येतात. दर वेळी सॉफ्टवेअरला शिव्या बसतात आणि चूक बहुतेकदा वायरमध्ये निघते.

एकूण वीज अपेक्षेच्या बरोब्बर एक तृतीयांश दिसतेय? तीनपैकी एक सीटी उलटी बसली आहे. दोन फेज अधिक, एक वजा, म्हणजे तीनऐवजी एक. सीटीवर बाण असतो, तो लोडच्या दिशेने हवा. आमच्या इलेक्ट्रिशियनने बाण नीट बघितला होता, पण अरुंद पॅनेलमध्ये हात घालताना सीटी फिरली. प्रत्येक फेजचा आकडा वेगळा बघितला तेव्हा मधला वजा होता.

चाळीसपट कमी दिसतेय? २००/५ ची (२०० अँपिअरचे ५ करणारी) सीटी लावून मीटरमध्ये गुणोत्तर भरायचं राहिलंय.

व्होल्टेज २३० च्या जागी शून्य येतंय आणि मीटरच्या पडद्यावर मात्र बरोबर आहे? दशांश आकडा मॉडबसवर दोन तुकड्यांत येतो. कुठला तुकडा आधी, यावर उत्पादकांचं एकमत नाही. सॉफ्टवेअरमध्ये तुकड्यांचा क्रम उलटा करून बघा. रजिस्टरचा, म्हणजे मीटरमधल्या त्या आकड्याच्या कप्प्याचा, पत्ता एकाने चुकणंही नेहमीचं: पुस्तिकेत मोजणी एकपासून, सॉफ्टवेअरमध्ये शून्यापासून.

काहीच येत नाही? आरएस-४८५च्या ए आणि बी तारा अदलाबदल करून बघा. काही कंपन्यांचा ए म्हणजे दुसऱ्यांचा बी असतो. दोन मीटरना एकच मॉडबस क्रमांक दिला असेल तर दोघं एकदम बोलतात आणि ऐकणाऱ्याला काही उमगत नाही.

सीटी हाताळताना एक गोष्ट जिवावरची आहे. प्रवाह चालू असताना ५ अँपिअरच्या सीटीची दुय्यम बाजू मोकळी सोडायची नाही. तिथे जीवघेणं व्होल्टेज तयार होतं. हे काम परवानाधारक इलेक्ट्रिशियननेच करायचं. कमिटी मेंबरने बाजूला उभं राहून टॉर्च धरावा.

नोंद किती वेळाने करावी? आणि किलोवॉट (त्या क्षणाचा भार) साठवू की युनिट?

दोन्ही, पण एकच निवडायचं असेल तर मीटरचा वाढत जाणारा युनिटचा आकडा साठवा. मध्ये दोन तास नेटवर्क गेलं तरी पुढच्या वाचनातून मधली वीज वजाबाकीने मिळते. नुसते किलोवॉट साठवले तर ते दोन तास कायमचे गेले.

हिशेबासाठी पंधरा मिनिटं पुरतात. दिवसाच्या ९६ नोंदी, वर्षाच्या ३५,०४०, म्हणजे लिबरऑफिसच्या एका पानातही मावतील. पंप कधी चालू-बंद होतो असलं काही शोधायचं असेल तर दहा सेकंद. लिफ्टचा प्रत्येक झटका टिपायच्या नादाला लागू नका, त्याचं पुढे कोणी काही करत नाही.

आमचा आकडा बिलाशी जुळत नाही.

मग जुळेपर्यंत आलेख कोणालाही दाखवू नका. याबाबतीत मी हट्टी आहे. सभेत एकदा चुकीचा आकडा गेला की पुढची दोन वर्षं कोणी ऐकत नाही.

आधी तारखा बघा: बिलाचा महिना एक तारखेला सुरू होत नाही, वाचनाच्या तारखेला होतो. मग गुणक. मग कंपनीच्या मीटरनंतर आणि तुमच्या मीटरच्या आधी कुठली फीडर (वेगळी लाइन) फुटते का ते. आमच्याकडे फायर पंपाचं पॅनेल निघालं. टक्का-दोन टक्के फरक मीटरच्या अचूकतेतच येतो, तो सोडून द्या.

दिवसाची बेरीज विचित्र येत असेल तर घड्याळ तपासा. बहुतेक डेटाबेस जागतिक प्रमाणवेळेत साठवतात आणि दिवसही तसाच मोजतात, म्हणजे आपला दिवस पहाटे साडेपाचला बदलतो. आमचा पंप पाच ते साडेसहा चालतो. त्यातला अर्धा तास कालच्या खात्यात, एक तास आजच्या. बेरीज करताना एशिया/कोलकाता हा कालविभाग सांगावा लागतो. आलेखावरची वेळ बरोबर दिसली म्हणून बेरीजही बरोबर असेल, असं धरून चालू नका.

टीओडी आणि केव्हीएएचचं काय?

दिवसाच्या वेळेनुसार दर बदलतो (टीओडी) असे ग्राहक असाल तर या सगळ्या खटाटोपाचा सगळ्यात मोठा उपयोग तुम्हालाच आहे. कल दुपारी उन्हाच्या तासांत स्वस्त आणि संध्याकाळी महाग असा आहे. तास आणि दर वीज नियामक आयोगाच्या आदेशाबरोबर बदलतात, त्यामुळे ते सॉफ्टवेअरमध्ये कायमचे कोंबू नका. वेगळ्या तक्त्यात ठेवा आणि कधीपासून लागू तेही लिहा, नाहीतर जुन्या महिन्यांचा हिशेब नव्या दराने होतो.

उच्चदाब जोडणी असलेल्यांना महाराष्ट्रात एप्रिल २०२० पासून केव्हीएएचवर बिल येतं, म्हणजे नुसत्या कामी आलेल्या विजेवर नाही, तर लाइनवरून ओढलेल्या एकूण विजेवर. पॉवर फॅक्टर (ओढलेल्यातला कामी आलेला भाग) ०.९ असेल तर ९०० किलोवॉट-तास (युनिट) वापरूनही बिलात १००० दिसतात. अशा ठिकाणी मीटरमधून केव्हीएएचचं रजिस्टरही वाचा. पॉवर फॅक्टर सुधारणारी कपॅसिटर बँक बिघडली की ते त्याच दिवशी दिसतं, बिल यायची वाट बघावी लागत नाही.

गच्चीवर सोलर आहे. त्याचे आकडे यात येतील का?

इन्व्हर्टरवर अवलंबून. बरेचसे आकडे निर्मात्याच्या सर्व्हरवर पाठवतात आणि तिथून अ‍ॅपवर दाखवतात. घेतानाच विचारा की स्थानिक मॉडबस पोर्ट खुला आहे का, सनस्पेक (सोलर इन्व्हर्टरच्या मॉडबसचा ठरलेला नमुना) पाळतो का. नंतर विचारलं तर विक्रेता "अ‍ॅप आहे ना साहेब" एवढंच म्हणतो. पोर्ट नसेल तर सोलरच्या लाइनवर आपला वेगळा मीटर बसवा, सगळ्यात कमी कटकटीचा मार्ग तोच. पंप दुपारी चालवला तर त्याला सोलरची वीज किती मिळते, हे त्यानंतर अंदाजाने सांगावं लागत नाही.

प्रत्येक फ्लॅटची वीजही यात घेऊ का?

नका घेऊ. पंधरा मिनिटांच्या नोंदीवरून घरात कोण कधी उठतं, कधी गावाला गेलंय, सगळं कळतं. सेक्रेटरीच्या लॅपटॉपवर ते असण्याचं काही कारण नाही. डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायदाही २०२३ मध्ये झाला आहे. कोणाला स्वतःच्या घरापुरतं हवं असेल तर त्याने त्याच्या घरात होम असिस्टंट लावावं. गाड्यांच्या चार्जिंगला वेगळे मीटर लागतात ते खरं, पण तिथेही महिन्याचे युनिट पुरतात, वेळा लागत नाहीत.

वीज गेली, इंटरनेट गेलं, तर?

इंटरनेट गेल्याने काही बिघडत नाही, सगळं इमारतीतच आहे. वीज गेली तर राउटरसाठी मिळतो तसा छोटा यूपीएस पुरतो. रास्पबेरी पाय चारपर्यंतच्या आवृत्त्यांत स्वतःचं घड्याळ नाही. वीज परत आली आणि इंटरनेट आलं नाही, तर ते जुन्याच वेळेपासून पुढे मोजू लागतं आणि नोंदींवर भलतीच वेळ पडते. शे-दोनशे रुपयांचं घड्याळाचं मॉड्यूल लावा.

मेमरी कार्डावर डेटाबेस ठेवू नका. सतत लिहून कार्ड मरतं, आणि ते बिल जुळवायला बसाल त्याच आठवड्यात मरतं. एसएसडी लावा आणि महिन्याला एक सीएसव्ही फाइल दुसरीकडे ठेवा.

हॅक होईल का?

राउटरवर पोर्ट उघडं ठेवलंत तर होईल. मॉडबसला पासवर्ड हा प्रकारच माहीत नाही. ज्याला तार मिळाली तो बोलू शकतो. बाहेरून बघायचं असेल तर वायरगार्ड (आत यायची कुलूपबंद खासगी वाट, म्हणजे व्हीपीएन) वापरा, एमक्यूटीटीला पासवर्ड द्या, मूळचे पासवर्ड बदला. आणि सुरुवातीला नुसतं वाचा. मोबाइलवरून पंप चालू-बंद करायचा मोह सगळ्यांना होतो. टाकी वाहून गच्ची गळायला लागली की तो ओसरतो.

मोठं कॅम्पस किंवा कार्यालय असेल तर?

तिथे प्रश्न वेगळा. एसी, चिलर, बीएमएस (इमारतीच्या यंत्रणा एका जागेवरून सांभाळणारी व्यवस्था) हे सगळे बॅकनेट नावाच्या भाषेत बोलत असतात आणि शेकडो बिंदूंची नावं ज्याने त्याने आपल्या मनाने दिलेली असतात. नावं एका शिस्तीत आणायला ब्रिक किंवा हेस्टॅक पद्धत वापरतात. यंत्रांचे आकडे गोळा करून त्यांचं नियंत्रणही करायला व्होल्ट्रॉन आहे, अमेरिकेच्या पॅसिफिक नॉर्थवेस्ट राष्ट्रीय प्रयोगशाळेत घडलेलं. अनेक इमारतींची तुलना करायला अमेरिकेच्या ऊर्जा खात्याचं सीड आहे. आपल्याकडे तुलनेचं माप म्हणजे वर्षाला दर चौरस मीटरमागे किती युनिट; ऊर्जा कार्यक्षमता ब्युरो कार्यालयांना तारे देतो ते याच मापावर. सोसायटीला यातलं काही लागत नाही. विकायला आलेला माणूस लागतं म्हणाला, तर कशासाठी ते त्याच्याकडून कागदावर लिहून घ्या.

किती पैसे वाचतील?

मीटर बसवून एक पैसाही वाचत नाही. दिसल्यावर कोणी उठून काही केलं तर वाचतो. रात्री दोन ते चारमधला भार काढा: सगळे झोपलेले असताना इमारत जेवढं खाते ते. आमच्याकडे त्यात पार्किंगचे जुने ट्यूबलाइट, एसटीपीचा (सांडपाणी शुद्ध करणाऱ्या यंत्रणेचा) अखंड चालणारा हवेचा ब्लोअर आणि क्लबहाऊसमधला कोणी न वापरलेला गिझर सापडला. गिझर त्याच दिवशी बंद झाला. ब्लोअरला टायमर लावायला एसटीपीवाल्याची संमती मिळवण्यात चार महिने गेले, कारण जिवाणूंना हवा किती लागते यावर तो आणि आमचे खजिनदार दोघंही तज्ज्ञ होते.

हे सांभाळणारा माणूस सोसायटी सोडून गेला तर?

हा प्रश्न सगळ्यात शेवटी विचारला जातो, खरं तर आधी विचारायला हवा. आमच्या मीटर रूममध्ये पॅनेलच्या दाराला आतून प्लास्टिकच्या पिशवीत शंभर पानी वही अडकवलेली आहे. कुठला मीटर कुठल्या फीडरवर, त्याचा मॉडबस क्रमांक, सीटीचं गुणोत्तर, वाचलेली रजिस्टरं, कोणत्या तारखेला काय बदललं, सगळं पेनने लिहिलेलं. पासवर्डचं बंद पाकीट सेक्रेटरीकडे सोसायटीच्या कपाटात आहे. मागच्या दिवाळीत मी तीन आठवडे गावी होतो. ए विंगचा मीटर बंद पडला, तेव्हा तिसऱ्या मजल्यावरच्या बारावीतल्या मुलीने वही वाचून तो पुन्हा चालू केला आणि खाली तारीख घालून लिहिलं: "बी तार सैल होती. घट्ट केली, इलेक्ट्रिशियन काकांनी."